सोमवारची पाहणी

आमच्या पेठेच्या टोकाला कचऱ्याचा तळ होता. शेजारच्या पेठेचा आणि आमचा मिळून एकच. सकाळी झाडणाऱ्यांच्या गाड्या तिथं रित्या व्हायच्या. राख, शेण, पत्रावळी, काय असेल ते. दुपारी खेड्यांतले शेतकरी बैलगाड्या घेऊन यायचे आणि त्यातलं कुजलेलं उसाला खत म्हणून भरून न्यायचे. महाराज गादीवर येऊन थोडीच वर्षं झाली होती. प्लेग येऊन गेला होता, आणि घाण म्हटलं की माणसं दचकत होती. आमचं घर तळापासून हाकेच्या अंतरावर.

बहीण लग्नाची होती. नेसरीकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घरात दुभतं होतं. पाहुणे ओसरीवर टेकले न टेकले तोच वारा फिरला. मुलाच्या मामांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं ते उठेपर्यंत काढलं नाही. पोहे तसेच राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "मुलगी झ्याक हाय वो, पण येणंजाणं ठेवायचं म्हटलं तर..." आत बहीण ऐकत होती.

त्याच सुमारास तळाचं काय करायचं हे ठरवायला दोन्ही पेठांनी मिळून एक कमिटी नेमली. मी शाळेत मास्तर, चार अक्षरं लिहिता येतात, म्हणून मलाही घेतलं. आहे तिथंच ठेवायचा, की पूर्वेच्या माळावर हलवायचा, एवढाच प्रश्न. शेतकऱ्यांना दोन्ही सारखंच. माळावर वस्ती अशी नव्हती. एकच घर होतं, पखाली मामूंचं, आणि त्यांच्या दारात त्यांच्या आज्यानं खणलेली विहीर. बैलाच्या पाठीवर कातड्याची पखाल टाकून मामू ते पाणी आमच्या पेठेत घरोघर घालायचे. मुसलमानाचं पाणी न चालणारी घरं होतीच, पण चालवून घेणारी त्याहून जास्त होती. आमचं त्यांतलंच. माझी आई त्यांना राखी पौर्णिमेला नारळाची वडी द्यायची.

जागा बघायला कुठल्या दिवशी जायचं, ते मला विचारलं गेलं. मी सोमवार सांगितला.

सोमवारी आमच्याकडं बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला विसावा. मामू मुसलमान, पण बैल ह्या मातीतला. तेही त्या दिवशी पखाल उतरवून ठेवायचे आणि बैलाला धुवायला पंचगंगेवर न्यायचे. बायको बरोबर जायची, धुणं घेऊन. गिऱ्हाइकं रविवारीच जास्तीचं पाणी भरून घेत. सोमवारी त्या विहिरीवर चिटपाखरू नसायचं, हे पेठेतल्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कमिटीवरच्या इंजिनिअर साहेबांना. ते बाहेरून आलेले, शहरात वाढलेले.

आम्ही गेलो. दाराला कडी, गोठा रिकामा, विहिरीचा काठ कोरडा. साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ही विहीर वापरात आहे का? असेल तर तळ इथं आणता येणार नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण त्या बाजूला राहणारा मीच. शेजारच्या पेठेतले एक गुळाचे व्यापारी माझ्या खांद्याशी उभे होते. त्यांनाही सगळं माहीत होतं. ते पान चघळत राहिले.

मी म्हणालो, "आज तर कुणी दिसत नाही, साहेब."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच बजावत आलो. आता त्याचीच जास्त लाज वाटते. सरळ खोटं बोललो असतो तर निदान ते धाडस तरी ठरलं असतं.

तळ हलला. बहिणीचं नेसरीलाच जमलं. मुलाचे तेच मामा लग्नात पंगतीत बसून तूप मागून घेत होते.

पावसाळ्यात ढिगाऱ्याचं पाणी मुरत मुरत विहिरीत उतरलं. पाण्याला वास यायला लागला. एकेक घर सुटत गेलं, आणि एका सकाळी आमच्याही दारात मामू बैल घेऊन उभे असताना आईनं रांजणावर झाकण ठेवलं. मी ओसरीवर होतो.

"तुमचं नको म्हणत न्हाई वो," आई म्हणाली, "त्या विहिरीचं नको."

मामू हसले. "दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला, तसं झालं बघा आक्का." मग माझ्याकडं वळून साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मास्तर, सोमवारीच कशापायी आलतासा?"

"साहेबांना तोच वार सोयीचा होता," मी म्हणालो.

"व्हय की. साहेबांस्नी काय ठावं," असं म्हणून त्यांनी बैल वळवला.

पुढं मीच खटपट करून त्यांना तळावर काम लावून दिलं, कचऱ्याच्या गाड्या धुवायचं. पाणी त्याच विहिरीचं. ते माझ्याकडं येऊन हात जोडून गेले. रस्त्यात भेटले की लोकांना सांगायचे, मास्तरांच्या कृपेनं चूल पेटती आहे. मी मान खाली घालून चालायला लागायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. असं सांगत सांगतच एक दिवस ते तापानं गेले.

आता गेल्या महिन्यात तळाचा प्रश्न पुन्हा निघाला. पेठा वाढल्या, कचरा वाढला, जागा पुरेना. ठराव असा होता की विहीर कचऱ्यानंच भरून घ्यावी आणि तळ तिच्यावरून पुढं न्यावा. मी अजून कमिटीवर आहेच. सभेत उठलो आणि सगळं सांगितलं. सोमवार, बहीण, ते वाक्य. मला वाटलं, आता कुणीतरी उठून माझी गचांडी धरील.

कुणी रागावलं नाही. ते व्यापारी, आता म्हातारे झालेले, म्हणाले की मास्तरांसारखा मोकळ्या मनाचा माणूस विरळा. मग अध्यक्षांनी विचारलं की आज ते पाणी कुणी पितं का. पीत नाही, हे मलाच सांगावं लागलं. ठराव मंजूर झाला. विरुद्ध हात माझ्या एकट्याचा होता, तोही कोपरापर्यंतच वर गेला.

संध्याकाळी माळावर गेलो. मामूंची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. तिलाही सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. ती निवडायची थांबली नाही.

"ह्ये तवा सांगायचं हुतं," ती म्हणाली. मग एक खडा वेचून बाजूला टाकला. "कवा भरत्यात?"

"बुधवारपासून."

ती उठून विहिरीपाशी गेली, वाकून आत बघितलं. "आत कासव हाय," म्हणाली. "सासऱ्यानं सोडल्यालं, पाणी निवळ ऱ्हावं म्हणून. जित्तं हाय अजून. तेवढं काढूस्तवर थांबा म्हणावं त्यास्नी."

कमिटीचा माणूस मी. थांबा म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.