परदेश दौऱ्याचं टेबल

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या बायकांच्या ग्रुपमध्ये एक नवीन बाई आल्या. त्यांनी विचारलं, "कांबळेताई, नोकरीत तुम्ही नेमकं काय करायचात?"

मी म्हटलं, "मंत्र्यांना परदेशी पाठवायचे."

"अय्या, म्हणजे ट्रॅव्हल कंपनीत होतात?"

बाकीच्या जणी बाकावर बसून हसायला लागल्या. त्यांनी माझे किस्से इतक्या वेळा ऐकलेत की शेवट माझ्या आधी त्याच सांगून टाकतात. पण मी तरी काय करू? त्या टेबलावरून कागद पुढे जायचे आणि किस्से माझ्यापाशी राहायचे. नोकरीभर ते साठतच गेले.

आमचं ऑफिस पुण्यात. खातं शेतमालाशी संबंधित, यापेक्षा जास्त सांगत नाही. मंत्र्यांना खात्याच्या कामासाठी परदेशी जायचं असलं की पहिला कागद आमच्याकडे तयार व्हायचा. बोलावलंय कोणी, कशासाठी, किती दिवस, सोबत कोण, राज्याला फायदा काय. मग तो मुंबईला मंत्रालयात, तिथून मुख्यमंत्र्यांकडे आणि शेवटी दिल्लीला परराष्ट्र खात्याकडे. दिल्लीचा होकार आल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही. फॉर्मवर एक ओळ जरी रिकामी राहिली तरी कागद परत.

ती रिकामी ओळ शोधायला आमच्याकडे देवधरसाहेब होते. आमचे अधीक्षक. नारायण पेठेतून सायकलवर यायचे. इतक्या मंत्र्यांचे दौरे त्यांच्या हाताखालून गेले, पण स्वतः पासपोर्टही काढला नव्हता. त्यांनी कधी कोणावर आवाज चढवला नाही. तशी गरजच पडली नाही.

* * *

हे किस्से सगळे एकाच मंत्र्यांच्या काळातले. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या शेतकरी घरातले होते. आवाज मोठा, मन मोकळं. त्यांच्या पीएंचं नाव पिसाळ. पिसाळांचा उत्साह मंत्र्यांपेक्षा जास्त.

नवीन मंत्री आल्यावर महिन्याभरात पिसाळ पहिला प्रस्ताव घेऊन आले. हॉलंडचा दौरा. 'दौऱ्याचं प्रयोजन' या ओळीपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'परदेश पाहणी'.

देवधरसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला.

"पिसाळ, परदेश आहे तिथेच आहे. शासनाला त्याबद्दल शंका नाही. मंत्रीमहोदयांनी जाऊन खात्री करायची गरज नाही."

पिसाळांनी कागद उचलला आणि पुढच्या आठवड्यात 'शीतगृहांचा अभ्यास' असं लिहून आणलं.

* * *

आता प्रयोजन झालं, तर सोबतच्या लोकांची यादी आली. अकरा नावं. प्रत्येकापुढे तो माणूस कशासाठी हवा ते लिहायचं असतं. सातव्या नावापुढे होतं, 'प्रगतिशील शेतकरी'. मंत्रीसाहेबांचे शाळेपासूनचे मित्र.

देवधरसाहेबांनी सातबारा मागवला. पिसाळांनी तो आणूनही दिला, पण बिचाऱ्यांनी आधी वाचला नव्हता. त्या जमिनीवर बिल्डरचं नाव लागलं होतं. मांजरीला जाऊन आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने सांगितलं की तिथे चार इमारती उभ्या आहेत, खाली जिमसुद्धा आहे.

देवधरसाहेबांनी फाइलवर लिहिलं, 'संबंधितांची प्रगती झाली आहे, याबद्दल दुमत नाही. ते अद्याप शेतकरी आहेत किंवा कसे, ते कळवावे.'

यादी अकरावरून चारवर आली, पण तोवर दौऱ्याची तारीख निघून गेली.

* * *

पुढची अडचण निमंत्रणाची. जिथे जायचं तिथल्या संस्थेचं पत्र लागतं. या वेळी बेत जर्मनीचा होता. पिसाळांनी अभिमानाने एक छापील मेल आणून ठेवला. पूर्ण जर्मनमध्ये.

"भाषांतर?" देवधरसाहेबांनी विचारलं.

"साहेब, वर संस्थेचं नाव आहे, खाली सही आहे. मध्ये 'या' म्हणूनच लिहिलं असणार."

देवधरसाहेबांच्या शेजारी जर्मन शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई राहायच्या. ते मला सोबत घेऊन त्यांच्याकडे गेले. बाईंनी कागद वाचला, परत वाचला, आणि विचारलं, "हे तुम्हाला कोणी दिलं?"

"का हो?"

"यात लिहिलंय, आपल्या मेलबद्दल आभार. मी सध्या रजेवर आहे. तातडीचं काम असल्यास माझ्या सहकाऱ्यांशी संपर्क साधावा."

आम्ही ऑफिसात येऊन पिसाळांना हे सांगितलं. मला वाटलं, बिचारे ओशाळतील. ते म्हणाले, "मग ते रजेवरून आल्यावर जाऊ की."

* * *

पिसाळांचा एक गुण मात्र मानायला हवा, काम आगाऊ करायचे. दौरा करून आल्यावर पंधरा दिवसांत अहवाल द्यावा लागतो. पुढच्या खेपेला परत हॉलंडचा प्रस्ताव आला, तेव्हा फाइलच्या शेवटी अहवालही जोडलेला होता. दौरा अजून मंजूर व्हायचा होता. अहवालात म्हटलं होतं, 'शीतगृहांना दिलेली भेट अत्यंत उपयुक्त ठरली. मंत्रीमहोदयांनी सखोल प्रश्न विचारले.'

देवधरसाहेब म्हणाले, "प्रश्न विचारून झाले?"

"तसं नाही, साहेब. नंतर घाई नको म्हणून."

"उत्तरंही मिळालेली दिसतात. आता जाताय कशाला?"

* * *

तरी या प्रस्तावात चूक निघाली नाही. निमंत्रण खरं होतं, चार माणसं खरी होती, मुख्यमंत्र्यांची सही झाली. फक्त दिल्लीहून होकार यायचा होता. पिसाळांनी गावात कळवून टाकलं, "होकार येतोच आहे."

मांजरीला चौकाचौकात बॅनर लागले. हलगी वाजली, हार घातले, गाड्या मुंबईच्या विमानतळापर्यंत गेल्या. दिल्लीहून काहीच आलं नाही. मंत्रीसाहेबांचं कौतुक असं की त्यांनी ना फोनाफोनी केली, ना आरडाओरडा. गाडी वळवायला सांगितली. पण वळवून जाणार कुठे? गावात बॅनरवर त्यांच्या डोक्यावरून विमान उडत होतं.

तीन दिवसांनी मी सकाळी वारज्यात आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे उभी होते. शेजारी माकडटोपी घातलेला एक माणूस मेथी निवडत होता. ऊन चांगलं चढलेलं. त्याने विचारलं, "जुडी कशी दिली?" आणि तो आवाज ऐकून माझ्या हातातली पिशवी पडायची राहिली.

त्यांनीही मला ओळखलं. हळूच म्हणाले, "मॅडम, मी सध्या हॉलंडमधी हाय."

मी म्हटलं, "हो साहेब. हवामान कसं आहे तिकडे?"

"बरंय. बहिणीचं घर हाय हितं. आठ दिवस काढतो. तेवढं देवधरांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. दिल्लीचा होकार आला तो नेमका दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी. देवधरसाहेबांनी त्यावर लिहिलं, 'मंजुरी प्राप्त झाली. कालावधी संपला.'

गावात स्वागत झालंच. ते आता कोण थांबवणार? पिसाळ सांगत होते, सगळ्यांनी दोन शब्द बोलायचा आग्रह धरला तेव्हा साहेब उठले आणि एवढंच म्हणाले, "काय बी सांगा, आपल्याकडच्यासारखी मेथी कुठं मिळत न्हाई." आणि खाली बसले.

* * *

शेवटचा किस्सा मी ग्रुपमध्ये कमी वेळा सांगते.

एका दुपारी मंत्रीसाहेब स्वतः आमच्या ऑफिसात आले. ना गाड्यांचा ताफा, ना पिसाळ. पिसाळ गावी गेले होते. साहेब जिना चढून थेट देवधरसाहेबांच्या टेबलासमोर स्टुलावर बसले. आम्ही सगळे उभे राहिलो. देवधरसाहेबही उभे राहिले, मग त्यांनी आपली खुर्ची पुढे केली. साहेबांनी ती घेतली नाही.

"माझी लेक अमेरिकेत असते," ते म्हणाले. "दिवस भरत आलेत. डॉक्टर म्हणत्यात, अवघड हाय. मला जायचंय. हा फॉर्म कसा भरायचा ते तुम्हालाच येतंय."

खाजगी दौऱ्याचा कागद आमच्या टेबलावरून जात नाही, तो मुंबईतूनच निघतो. परवानगी मात्र त्यालाही लागते. त्यात अधिवेशन चार दिवसांवर होतं, आणि अधिवेशनाच्या काळात मंत्र्यांना बाहेर सोडत नाहीत. देवधरसाहेब हे सगळं सांगतील असं मला वाटलं. पण त्यांनी फॉर्म काढला, पेन उघडून साहेबांच्या हातात दिलं आणि एकेक ओळ वाचत गेले. साहेब आपल्या हाताने लिहीत होते. मोठी, शाळेतल्या पोरासारखी अक्षरं.

"दौरा पुढे ढकलता येणं शक्य आहे का? नसल्यास कारण."

साहेबांचं पेन थांबलं.

"मागच्या येळेला ढकलला होता," ते म्हणाले. "निवडणूक होती. पहिलं बाळ गेलं तिचं. मी फोनवरच बोललो." मग विचारलं, "हे लिवायचं का?"

"लिहा," देवधरसाहेब म्हणाले.

साहेबांनी लिहिलं. देवधरसाहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मी त्यांच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत एकही कागद त्यांच्या हातून शेऱ्याशिवाय सुटला नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग माझ्याकडे रजेचा अर्ज मागितला, टोपण परत काढलं आणि कारणापुढे लिहिलं, 'खाजगी काम'. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते कागद घेऊन मुंबईला गेले. कोणत्या खोलीत कोण बसतं, कोण कधी जेवायला उठतं, हे त्यांना नोकरीभर फोनवर भांडून पाठ होतं. प्रत्येक टेबलासमोर ते उभे राहिले. मुख्यमंत्र्यांची सही झाली, दिल्लीचा होकार दुसऱ्या दिवशी आला आणि अधिवेशनाच्या आदल्या दिवशी साहेब विमानात बसले. हार नाहीत, बॅनर नाहीत. गावाला पत्तासुद्धा नव्हता.

तीन आठवड्यांनी साहेब परत जिना चढून आले. लेक सुखरूप होती, मुलगी झाली होती. त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. देवधरसाहेब ऑफिसात कोणाचा चहासुद्धा घेत नसत. त्यांनी एक पेढा उचलला, अर्धा मला दिला आणि उरलेला अर्धा खाल्ला.

मग साहेबांनी मोबाइल काढून नातीचा फोटो दाखवला. देवधरसाहेबांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि एखादी फाइल तपासावी तसा तो फोटो वरपासून खालपर्यंत पाहिला.

फोन परत देत ते म्हणाले, "नाक तुमचं आलंय. बाकी मुलगी सुंदर आहे."