पाळणा हलवणारा धर्मपंडित

तुमचे बाबा जन्मले आणि माझा प्रबंध तिसऱ्या प्रकरणावर थांबला. विषय होता चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज पाद्री, मोठा धर्मपंडित. टाइप केलेली पानं मी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली. दर दिवाळीला गोळ्या तेवढ्या बदलायचे.

यंदा आमच्या बोईसरच्या कॉलनीतल्या महिला मंडळाने माझं व्याख्यान ठेवलं. विषय माझ्यावर सोडला, ही त्यांची चूक. मी पाद्रीबुवांना ट्रंकेतून बाहेर काढलं. निदान या वेळी शेवटपर्यंत पोचायचं, एवढाच माझा हट्ट होता. अकरा कार्डं, चाळीस मिनिटं, मध्ये कोणी हाक मारायची नाही.

जागा आमच्याच घरातला हॉल, वेळ दुपारी चारची. त्याच वेळी दोन लिटर दूध तापवायचं होतं, ते मी तुमच्या आजोबांवर सोपवलं. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये उभा जन्म काढलेला माणूस एका पातेल्यावर नजर ठेवू शकेल, अशी माझी समजूत होती.

आठ जणी आल्या. सुके बोंबील द्यायला आलेली नवापूरची मावशीही पाणी पिऊन दाराशीच टेकली.

पहिल्या चार कार्डांत मी पाद्रीबुवांचं म्हणणं सांगितलं. त्यांच्या काळात काही कडक मंडळी प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा हुकूम धर्मग्रंथात शोधायची. पाद्रीबुवा म्हणायचे, ग्रंथ आत्म्याच्या तारणासाठी आहे. बाकीच्या व्यवहाराला देवाने माणसाला बुद्धी दिली आहे, ती वापरावी. दोघी माना डोलवत होत्या. तिसरीची मान डोलत नव्हती, कलत होती.

म्हणून मी सातवं कार्ड आधी घेतलं. या पंडिताला भेटायला जुने विद्यार्थी गेले, तर स्वारी पुस्तक हातात धरून मेंढ्या राखत होती. घरी येऊन गप्पा सुरू होतात न होतात तोच आतून बायकोची हाक आली, पाळणा हलवायला या. विद्यार्थी हळहळले. चरित्रकाराने तर बायकोला कजाग ठरवलं. पुढच्या अभ्यासकांना ही सगळी कंडी वाटली. पण तरुणपणी मीही दुसऱ्या प्रकरणात त्या बाईला दोन वाईट शब्द लावले होते, हे मी कबूल करून टाकलं.

मावशीने पेला खाली ठेवला. "पोर त्याचं पण हाय ना? मंग एवढं रडायला काय झालं या लोकांना?"

कललेली मान सरळ झाली. पुढची पाच मिनिटं जिने तिने आपापल्या नवऱ्याचा पाळणा काढला. मी घड्याळ पाहिलं आणि राहिलेलं पाचवं कार्ड उचललं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"अगं, दूध वर येतंय. काय करू?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझा प्रबंधही अशाच हाकेपाशी थांबला होता. माझे पाय सवयीने उठलेसुद्धा. मग मी त्यांना परत बसवलं.

"पाद्रीबुवा काय म्हणतात ते आत्ताच सांगितलं ना? देवाने बुद्धी दिली आहे, ती वापरा."

आजोबा हातात डाव घेऊन दारात आले. चेहरा असा, की सगळं वीजकेंद्र बंद पडलंय. मावशीलाच दया आली. "गॅस बारीक कर, दादा, नि ढवळत रा."

ते आत गेले. मी अकरावं कार्ड वाचून खाली ठेवलं, तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. थांब म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते अजून ढवळतच होते. दूध निम्म्यावर आलं होतं. मी त्यात साखर आणि वेलची घातली आणि सगळ्यांना वाट्या दिल्या. आपण बासुंदी केली, असं आजोबा आता कॉलनीभर सांगतात.

चौथं प्रकरण मी लिहायला घेतलं आहे. दुसऱ्यातले ते दोन शब्द खोडले. रोज चार ते पाच मी टेबलापाशी असते आणि आजोबा गॅसपाशी. आम्ही दोघंही जरा जाड झालो आहोत.