मस्टरवरची सही

मी गणिताची बाई आहे. सासरी कडावला कोणी अंगारे-धुपाऱ्याचं बोलायला लागलं की मी उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे असलं काही मी लिहितेय, यावर माझाच विश्वास बसत नाहीये... पण लिहिते. आणि एक आधीच सांगून ठेवते, यात मी बिचारी वगैरे नाही. मला त्या माणसावर सूड उगवायचा होता आणि तो उगवला गेला. फक्त कोणी उगवला, ते कळत नाही.

माझे मिस्टर फौजेत हवालदार आहेत. गेल्या वर्षी त्यांची बदली अशा ठिकाणी झाली, जिथे फॅमिली नेता येत नाही. आम्ही जोधपूरचं क्वार्टर सोडलं, काळ्या ट्रंका बांधल्या आणि मी मुलीला घेऊन कडावला सासूबाईंकडे आले. बारा वर्षांत सहा बदल्या, सहा शाळा. दर वेळी नोकरी पहिल्यापासून शोधायची. कर्जत, नेरळ, शेलू — सगळीकडे बायोडेटा दिला. इंटरव्ह्यू छान चालायचा, मग प्रश्न यायचा, "मिस्टर कुठे असतात?" मी सांगितलं की समोरचा माणूस फाइल मिटायचा.

खालापूरकडच्या एका खाजगी शाळेने मात्र बोलावलं. तिथले संचालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, ते म्हणाले, "आधी डेमो द्या, चौथी ब ला गणित. आणि ओरिजिनल दाखले ऑफिसात जमा करा." मी सहाच्या सहा अनुभवाचे दाखले लिफाफ्यात घालून देऊन टाकले. पावती मागितली नाही. ही चूक फौजीच्या घरातलीच बाई करू शकते. युनिटमध्ये कागद मागितले की द्यायचे, ते परत येतात, एवढंच आम्हाला माहीत.

डेमो एका तासाचा असतो. माझा आठ दिवस चालला, कारण चौथीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मी रोज सकाळी सात दहाला पोचायचे. शिपाई मुनीरभाई मस्टर उघडून बसलेले असायचे. पहिल्या दिवशी मी पेन काढलं, तर सर म्हणाले, "डेमोवाल्यांनी सही करायची नसते." आठही दिवस मी बाकीच्या बायकांना सह्या करताना बघत उभी राहिले.

नवव्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं.

"मॅडम, फौजीच्या बायका म्हणजे पाहुण्या. बदली आली की चालल्या. आम्हाला टिकणारं माणूस हवं."

मी म्हटलं, हे आठ दिवस फुकट शिकवून घ्यायच्या आधी सांगायचं होतं, मी शिक्षण विभागात तक्रार करणार. तर सर खुर्चीत मागे रेलले. "कसले आठ दिवस? मस्टरवर तुमची सही दाखवा."

"बरं, माझे दाखले द्या."

"कसले दाखले?"

माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते कपाटात ठेवले होते. त्यातल्या दोन शाळा बंद पडल्यात, एक तिकडे आसामात. तो लिफाफा गेला म्हणजे बारा वर्षं मी कुठे शिकवलंच नाही. माझा तोल गेला. दारात उभी राहून, मुनीरभाईंच्या समोर मी बोलले, "त्याच मस्टरवर माझी सही होणार. रोज होणार. बघत राहा."

पाच दिवसांनी मुनीरभाईंचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"बाई, तुमी शालंत येता का?"

"नाही हो."

"मग मस्टरवर तुमची सही कशी हाय? रोज हाय. टाइम सात दहा."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी फोटो पाठवला. सगळ्या शिक्षिकांच्या खाली, रिकाम्या ओळीत माझी सही. खाली दोन टिंबं... ती मी शाळेत असल्यापासून देते.

सात दहाला मी कडावला मुलीच्या वेण्या घालत असते. सासूबाई समोर असतात. त्याच आठवड्यात एका सकाळी मिस्टरांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, "नोकरी मिळाली वाटतं? मागे पोरं पाढे म्हणतायत."

घरात आम्ही तिघीच. सासूबाईंनी फोन हातातून घेतला. "नाय रं, कसली शाला? ती हितंच हाय, माज्या म्होरं."

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी वाटलं — बरं झालं.

पुढचं मुनीरभाईंकडून कळत गेलं. सरांनी सह्यांवर लाल रेघा मारल्या. नवीन मस्टर आणलं. ते कुलपात ठेवलं. शेवटी स्वतः साडेसहाला येऊन मस्टर मांडीवर घेऊन बसायला लागले. सात दहा झाले की सही असायची. मग शिक्षण विभागाची तपासणी आली. साहेबांनी विचारलं, या बाई कोण, यांचा नेमणुकीचा कागद कुठे? सर म्हणाले, अशा कोणी बाई इथे नाहीत. साहेब थेट चौथी ब मध्ये गेले.

पोरं म्हणाली, "हायत की. भागाकार झाला, आता अपूर्णांक चालू हायत."

मी भागाकारावर थांबले होते.

शाळेला नोटीस निघाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सर कडावला आमच्या ओटीवर उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. लिफाफा पुढे केला. मी एकेक दाखला काढून बघितला, सहाही होते.

"बाई," ते म्हणाले. मॅडमवरून बाईंवर आले होते. "आता येणं बंद करा. हात जोडतो."

मी येतच नाही हो, असं मी सांगू शकले असते. खरं तेच होतं. मी लिफाफा बंद केला आणि म्हटलं, "बदली आली की जाईन, सर."

आता मी कर्जतच्या एका शाळेत आहे. मुनीरभाईंचा मधूनमधून फोन येतो, सही अजून होते म्हणतात. ती कोण, माझा हात कुठून आणते, पोरांना काय शिकवते, मला खरंच माहीत नाही. विचारायला मी तिकडे गेलेही नाही. मिस्टरांची बदली अजून दोन वर्षं तरी नाही.