खोल गेलेले डोळे

पणतीला दोन दिवस जुलाब होत होते. पाणी द्यायचं नाही, असं मीच नातसुनेला सांगितलं. पाणी दिलं की जुलाब वाढतात, हे मला माझ्या सासूनं शिकवलेलं. नातसुनेनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी पोर मान टाकायला लागली, तेव्हा पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरनं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे पाहिले, कागदावर इंग्रजीत लिहिलं आणि सलाईन लावायला सांगितलं.

मी चौथी शिकलेली. मोठी नात नर्सिंग शिकते, तीही सोबत आली होती. तिला कागद दाखवला.

"हे काय लिवलं?"

"संकन. म्हणजे खोल गेलेले. डोळ्यांसाठी लिवलं, आजी."

"ते तर मलेही दिसून राहिलं. त्याले इंग्रजी कायले पाहिजे?"

"म्हाताऱ्या मानसाच्या बसलेल्या गालालेही हाच शब्द लावतात, तुह्यासारख्या. पण जुलाबाच्या लेकरासाठी लिवला, म्हणजे अंगातलं पाणी संपत आलं. पाणी कोनं बंद केलं?"

"म्या."

नातसून खाली पाहत राहिली.

माझी पहिली मुलगी अशीच गेली. सासर सौसर तालुक्यात, रामाकोन्याजवळ. उन्हाळा होता, पोर दीड वर्षाची. माठाकडे हात करायची, म्हणून मी माठ आतल्या खोलीत नेऊन ठेवला. तिचे डोळे खोल गेले, मग ती गेली. नजर लागली, असं सगळे म्हणाले. मीही पन्नासच्या वर वर्षं तेच धरून चालले. दवाखान्याच्या बाकावर कळलं की तिला पाणीच पाहिजे होतं. रडू आलं नाही. सासूला दोष देत नाही. माठ मी उचलला होता.

संध्याकाळी पणतीनं लघवी केली. हे चांगलं लक्षण आहे, असं नर्स म्हणाली आणि ओआरएसचं पाणी चमच्यानं पाजायला सांगून गेली. चार चमचे पोटात गेले नाहीत तोच पोरीला पुन्हा पातळ झालं. नातसुनेचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आजी, राहू देऊ का?"

"पाज. अन् आता मले विचारू नको," मी नातीकडे बोट केलं, "हिले विचारत जा."