झेड ड्राइव्हवरचं कुलूप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे.

उद्यमनगरात आमचं छोटं ऑफिस, फौंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करणारं. खरं तर प्रत्येकानं कोडची आपली वेगळी प्रत ठेवायची असते. पण साहेबांना सगळं डोळ्यांसमोर लागायचं, म्हणून आम्ही सगळे सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरात, झेड ड्राइव्हवर, काम करायचो. एकाचं गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम, काही लिहीत असलं की तिथं कुलपाची फाइल पडते आणि दुसऱ्याला एरर येतो. मग हाक मारायची — "कुणाचं उघडं हाय रे?" कुणाचंच नसेल तर कुलूप पुसून टाकायचं. अशी आमची पद्धत.

स्वाती गारगोटीहून आली. नोकरी अजून कच्ची होती. पण बघता बघता साहेब माझ्याऐवजी तिला हाक मारायला लागले. "स्वाती, बघ गं जरा." माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू? तिला चहा आधी दिला तरी माझ्या पोटात दुखायचं.

त्या दुपारी तिला कुलपाचा एरर आला. तिनं हाक मारली, मग माझ्या टेबलापाशी आली.

"दादा, तुमचं काय उघडं न्हाय न्हवं?"

उघडं होतं. माझं भलंमोठं काम तेव्हाच ड्राइव्हवर चढत होतं.

"न्हाय की," मी म्हणालो.

गंमत म्हणून? नाही. आता ती कुलूप पुसणार, हे मला ठाऊक होतं. पुसलं तर काय होईल, तेही.

तिनं माझ्या शब्दावर पुसलं. दोघांचं एकाच वेळी लिहिलं गेलं आणि सगळ्यांचं काम बिघडलं. जुन्या बॅकअपवरून पुन्हा सुरुवात करायची वेळ आली. कुलूप कुणी काढलं, साहेबांनी विचारलं.

"मीच काढलं. पण दादांना विचारून."

साहेब माझ्याकडे वळले. तेव्हा तरी — तेव्हा तरी बोलता आलं असतं ना?

"मला काय आठवत न्हाय," मी म्हणालो.

तिला पक्कं केलं नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी विसरलो असेन, असंच तिला वाटत होतं. "दादा, बिलाचं माझं काम अर्धं ऱ्हायलंय, तेवढं बघा," म्हणाली.

मी बघितलं. फार सुंदर लिहिलं होतं. उरलेलं पुरं केलं आणि सगळं माझ्या नावानं चढवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि मला बरं वाटलं.