पास्कूमामांचा चिंचोका

पास्कूमामा माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, हातांकडे पाहत. भुईगावात त्यांच्या दारी अर्नाळ्याची पारूबाई मासळी घेऊन येई. एकदा ती शपथेवर पापलेट ताजे म्हणून सांगत असता मामा शांतपणे म्हणाले, "पारू, ताजं म्हावरं तू टोपलीत मोकळं ठेवतेस. याच्या कल्ल्यावर अंगठा कशाला दाबलास?" पारूबाई हसली. भाव उतरला नाही, मासा मात्र बदलला.

मामांनी उमेदीची वर्षे मालवाहू बोटींवर आचारी म्हणून काढली. तेथेच ते पोकर शिकले. आपली पाने झाकून ठेवायची आणि समोरचा खरोखर भारी आहे की नुसता आव आणतो आहे हे ओळखायचे, असा हा पत्त्यांचा खेळ. निवृत्तीनंतर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की चिकूच्या झाडाखाली चार म्हातारे जमत आणि डाव मांडत. पैशांच्या जागी चिंचोके लावत.

मी न्यायालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि त्यांच्या शेजारी राहावयास आलो. संताप हे मी नागरिकाचे कर्तव्य मानतो आणि ते लेखी बजावतो. कुंपणापलीकडून रविवारी खळखळ ऐकू येई. ती नाण्यांची, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. पोलीस चौकीस मी पाच पानी तक्रार दिली: पैसे लावून जुगार चालतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. हवालदार आले, पंचनामा झाला आणि चिंचोक्यांचा एक डबा जप्त झाला. चौकीत म्हणे बराच हशा पिकला. पण तक्रार कोणी निकालात काढली नाही आणि मीही ती मागे घेतली नाही. पुढच्या रविवारी मामांनी नवे चिंचोके काढले आणि मला वकीलसाहेब म्हणू लागले. त्या नावातला टोमणा मला कळत होता.

काही वर्षांनी मामांच्या एका जुन्या कप्तानाने त्यांना गोव्यात पोकरच्या निवड फेरीला नेले. मामा ती जिंकले आणि चीनमधल्या मकाऊच्या मोठ्या स्पर्धेत त्यांना जागा मिळाली. पासपोर्टची मुदत मात्र केव्हाच संपली होती. नव्यासाठी पोलिसांची चौकशी झाली, त्यात माझी तक्रार वर आली आणि अर्ज अडकला. स्पर्धा दीड महिन्यावर होती.

एका दुपारी मामा चिकूंची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. भांडायला आले असतील या तयारीने मी फाइल उघडून तक्रारीची कार्बन प्रत पुढे केली आणि कायद्याच्या दृष्टीने ती कशी निर्दोष आहे हे ऐकवू लागलो. मामांनी सर्व ऐकून घेतले. मग त्यांचे बोट पाचही पानांवरून ओळीओळीने फिरले आणि एका जागी थांबले.

"वकीलसाहेब, तुमचं अक्षर छापल्यावानी. एवढं 'प्रत्यक्ष पाहिले' तेवढं हललंय."

मी पाहिले. ते खरोखरच हलले होते.

"तुमी खोटारडे नाय," ते म्हणाले. "खोटारड्याचा हात हलत नाय. म्हणून तर आलो."

उभ्या आयुष्यात मला इतक्या सभ्यपणे कोणी पकडले नव्हते. मी त्यांच्यासमोरच कागद ओढला आणि माझ्या हयातीतले सर्वांत छोटे पत्र लिहिले: मी काहीही पाहिले नव्हते, केवळ आवाज ऐकला होता, तक्रार चुकीची असून ती मी बिनशर्त मागे घेत आहे. जप्त डबा परत मिळावा म्हणून वेगळा अर्ज केला आणि चौकीत चार खेपा घालून तो डबा स्वतः सोडवून आणला. तो मामांच्या हाती दिला आणि त्यानंतर आठ दिवसांनी त्यांचा पासपोर्टही निघाला.

मकाऊला शेकडो कसलेले खेळाडू काळे चष्मे लावून बसले होते. त्यांतून भुईगावचा हा आचारी शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचला आणि तिसरा आला. वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले. आपली पाने चुकून उचलली जाऊ नयेत म्हणून खेळाडू त्यांवर एखादी खूण ठेवतात. मामांच्या पानांवर त्या जप्त डब्यातला एक चिंचोका होता. चष्म्यांमागचे डोळे तुम्ही कसे वाचलेत, असे मी परतल्यावर विचारले. "चष्मा डोल्यांना असतो. हात तर उघडेच असतात ना," मामा म्हणाले आणि तो चिंचोका त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

मामा गेले त्या दिवशी दफनभूमीकडे जाणारा रस्ता कोणा कंत्राटदाराने खणून ठेवला होता. त्यांची शवपेटी खड्डे चुकवत, हिंदकळत न्यावी लागली. मी संतापाने थरथरत घरी आलो, चार पानी तक्रार लिहिली आणि तिच्यावर चिंचोका ठेवून उठलो.

सकाळी पाकिटात घालण्यापूर्वी मी मामांसारखे ओळीओळीवरून बोट फिरवले. 'प्रत्यक्ष पाहिले' या शब्दांवर थांबलो. अक्षर हलले नव्हते. पत्र टपालात टाकले.