पांढरीच्या नाकात ऑईल

आता स्वतःच्या शहाणपणाचे पोवाडे आपणच काय गायचे! पण तुम्ही घरचेच. चहा घ्या, आणि हसायचं ते पोटभर हसा.

आमची पांढरी तुम्हाला माहीत नाही. पांढरी म्हणजे गाय नव्हे हो, कार! बावीस वर्षांपूर्वी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पालमला आणली तेव्हा आख्ख्या गल्लीत तेवढी एकच कार. मी तेव्हा बारा वर्षांचा. पाच जणांच्या गाडीत आम्ही नऊ जण बसायचो, पायाशी हरभऱ्याचं पोतं आणि आईच्या मांडीवर लोणच्याची बरणी. खिडकीजवळ कोण बसणार यावरून गाडी सुटायच्या आधी एक मारामारी व्हायचीच. तो वारा आता एसीत बसूनही लागत नाही.

दर भाऊबीजेला पांढरी राणीसावरगावला जायची. तिथं आबांची थोरली बहीण, आमची आत्या राहते. आबांनी एकही भाऊबीज चुकवलेली नाही.

पुढं आबांचे गुडघे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. देताना एकच ताकीद दिली, "इंजनाला ऑईल कमी पडू देऊ नको."

मी पडू देईन? रोज सकाळी आबा बॉनेट उघडायचे, ऑईल मोजायची पट्टी काढायचे, चिंधीनं पुसून परत घालायचे, आणि मग डोळे बारीक करून बघायचे. हे मी लहानपणी दारात डोळे चोळत कितीदा पाहिलेलं! आबांइतकी हौस नसली तरी दर रविवारी मी तसंच करायला लागलो. चिंधीसुद्धा तशीच घेतली.

आणि पट्टी बघावी तर ऑईल कमी! म्हणून मी घालायचो. पुढच्या रविवारी बघावं तर पुन्हा कमी. पुन्हा घालायचो.

"ऑईल बघायलास का रे?" आबा आतून विचारायचे.

"बघायलो की! दर रविवारी."

"शाबास!"

या शाबासकीची मी आयुष्यभर वाट बघत होतो. मग हात आखडता घेईन का?

यंदा दिवाळीच्या तोंडावर पांढरी निळा धूर सोडायला लागली. मी एअर फिल्टरचा डबा उघडला. कोरडा ठणठणीत असायला हवा तो फिल्टर ऑईलनं थबथबलेला! कढईतून नुकतं काढलेलं भजंच जणू. मागची रबरी नळीही आतून ओली. म्हणजे इंजिन जिथून हवा ओढतं त्या नाकातच ऑईल!

मोबाइलवर शोधलं. तिथला एक गृहस्थ मान हलवत म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन संपलं. मी लगोलग नवा फिल्टर बसवला. वर विचार केला, ऑईल बाहेर येतंय म्हणजे आत कमी होतंय, आणि कमी होतंय म्हणजे घालायला हवं. घातलं! दोन दिवसांत नवा फिल्टरही ओला. मी पुन्हा घातलं.

बायको म्हणाली, "अहो, तुमी जितकं घालायलाव तितकं ते वर यायलंय."

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

हे वाक्य मी बोललो होतो, हे कृपा करून तिच्यापुढं काढू नका.

शेवटी गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. आबांना सांगितलं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मग भाऊबीजेला एसटीनं जाऊ." ज्या माणसाला घराची पायरी चढवत नाही तो एसटीत कसा चढणार? मग काठी टेकत बाहेर गेले आणि उपरण्यानं पांढरीची काच पुसत उभे राहिले. मला ते बघवेना.

मी ताडकळसच्या माणिक मिस्त्रींना फोन केला. पांढरीची नाडी ओळखणारा आबांच्या वेळचा हा माणूस. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी मोटरसायकलवर आले. इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑईलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला.

"हवेचा जोर न्हाई, म्हंजी रिंगा ठणठणीत हायत. गेल्या म्हून कोण सांगितलं?"

"मोबाइलनं."

"हं. ऑईल किती हाय बघा बरं."

मी इंजिन बंद केलं, थोडं थांबून रुबाबात पट्टी काढली, पुसली, बुडवली, दाखवली. "बघा, कमीच आहे!"

मिस्त्रींनी पट्टीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"मास्तर, गाडी उताराला हाय की!"

होती ना! आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चांगला उतार आहे. एके काळी पांढरीची बॅटरी दगा द्यायची, म्हणून आबा तिला तोंड खाली करून उताराला लावायचे. आपल्याकडं ट्रॅक्टर लावतात तशीच. सोडली की चालू. बॅटरी बदलली, पण रीत काही बदलली नाही.

"उताराला सगळं ऑईल म्होरं पळतंय. मागं पट्टीला काय लागणार? तुमी शाळेत काय शिकवताव?"

"विज्ञान."

मिस्त्री देवमाणूस. त्यांनी फक्त गाडीची किल्ली मागितली.

गाडी सपाट रस्त्यावर घेतली, दहा मिनिटं थांबलो. पट्टी काढली तर ऑईल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर! "इंजनाला श्वास सोडायला एक नळी असती. तुमी नरड्यापर्यंत पाजलंय, मग त्या नळीतून ते वकायलंय," मिस्त्री म्हणाले. जादा ऑईल काढलं, अर्धी बादली भरली. नळ्या धुतल्या, फिल्टर बदलला. थोडा वेळ धूर निघाला आणि मग पांढरी गुरगुरायला लागली, पूर्वीसारखी.

आबा दारातून सगळं बघत होते. "आरं, मी आधी गाडी खाली रस्त्यावर सोडायचो, मग पट्टी बघायचो!"

"मला तर तुम्ही बॉनेट उघडतानाच दिसायचात."

"तू उठायचास कवा? तवर गाडी खाली रस्त्यावर गेलेली असायची!"

बापाचं बघून शिकलो खरा, पण निम्म्यातून.

दुसऱ्या दिवशी राणीसावरगाव. काच खाली, आबा पुढं, वारा तोच. आत्या दारातच उभी होती. आबांना ओवाळताना दोघांचेही डोळे भरले आणि माझेही. भंगारवाल्याला फोन करायच्या आधी मिस्त्रींना केला, ही देवाचीच कृपा.

जेवताना आत्या पुरणपोळी घेऊन आली. चार झाल्या होत्या. "अजून एक वाढू का रे? जागा हाय का?"

मी पोटावर हात फिरवत म्हणालो, "आहे की!"

"थांब अक्का," आबा घास थांबवून म्हणाले, "त्याला आधी सपाट जागेवर बसव. मग बघ किती भरलाय ते."

सगळे हसून लोळायला लागले. आणि मी, खोटं सांगत नाही, मान वाकवून फरशीला उतार आहे का ते बघत होतो!